‘एवढं शिकून फसलाच कसा?’

बेळगावात कुणाचे पैसे फोनवरून गेल्याची बातमी गल्लीत पसरली की चोराची चौकशी कुणी करत नाही. ‘एवढा शिकलेला माणूस, जन्मभर सरकारी नोकरी केलेला, आणि फसलाच कसा गा?’ एवढंच विचारलं जातं. घरफोडी झाली तर घरमालकाला कुणी ‘कुलूप कुठल्या कंपनीचं लावलं होतंस?’ म्हणून दरडावत नाही. ऑनलाइन फसवणुकीत मात्र पंचनामा फसलेल्याचाच होतो.

समाजमानसशास्त्रात या सवयीचा अभ्यास जुना आहे. १९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग केला. पडद्यावर एक बाई दिसायची आणि उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतोय असं भासवलं जायचं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. बघताना ते अस्वस्थ झाले. तिचे हाल पुढेही चालणार आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही, हे कळल्यावर मात्र त्यांनी तिलाच नावं ठेवायला सुरुवात केली. लर्नरचं म्हणणं असं की जग न्यायानं चालतं हा विश्वास माणसाला सोडवत नाही. ‘तो हावरटच होता’ असं म्हटलं की आपण हावरट नाही, म्हणून आपल्याला काही होणार नाही, असा दिलासा मिळतो.

हा दिलासा फुकट मिळत नाही, त्याची किंमत फसलेला माणूस मोजतो. लोक काय म्हणतील या धास्तीनं तो दोन दिवस गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, पुण्यातल्या मुलाला तर नाहीच. अनोळखी मुलीच्या व्हिडिओ कॉलमध्ये अडकलेली तरुण पोरं आणखी घट्ट गप्प बसतात आणि पैसे भरत राहतात. इथं खरी लढाई तासांची असते. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदली की ती ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेकडे पोचते आणि तिथं शिल्लक असलेली रक्कम अडवता येते. चोर ती रक्कम एका खात्यातून चार खात्यांत आणि चारांतून वीस खात्यांत फिरवत असतो. उशीर झाला की अडवायला काही उरत नाही. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशभरात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. हे तक्रार झालेलेच आकडे. ही यंत्रणा २०२१ पासून चालू आहे आणि २०२५ च्या मध्यापर्यंत तिनं वाचवलेली एकूण रक्कम साडेपाच हजार कोटींच्या आसपास होती.

मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातलं एक वृद्ध दाम्पत्य अशाच सापळ्यात सापडलं. तुमच्या नावावरच्या सिमकार्डाचा गैरवापर झालाय, असं सांगणारा फोन आला. पुढं पोलीस असल्याची बतावणी, अटकेची भीती, आणि थोड्याथोडक्या नव्हे तर पन्नास लाखांहून अधिक रकमेची वसुली. शेवटी दोघांनीही जीव दिला. बातमी आली तेव्हाही बरेच जण ‘पण त्यांनी पैसे दिलेच का?’ यावरच अडले होते.

त्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या बुद्धीत शोधलं की हाती काही लागत नाही. १९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी शोधाची जागाच बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी चोऱ्या कमी न होता वाढल्या. असं का? त्यांनी चोरांच्या स्वभावाचा नाद सोडला आणि सगळ्यांच्या रोजच्या दिनक्रमाकडे पाहिलं. बायका नोकरीला जाऊ लागल्या, दुपारी घरं रिकामी राहू लागली. वस्तूही हलक्या झाल्या: १९६० मध्ये बाजारातला सर्वांत हलका टीव्ही ३८ पौंडांचा होता, १९७० मध्ये १५ पौंडांचा, म्हणजे काखेत मारून नेण्याजोगा. त्यांनी मांडलं ते असं: गुन्हा करायला तयार माणूस, सोयीचं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी, या तीन गोष्टी एका जागी जुळल्या की गुन्हा घडतो. राखणदार म्हणजे पोलीसच असं नाही. कट्ट्यावर बसलेली आजी, समोरचा पानपट्टीवाला, शेजारीण, हे सगळे राखणदारच.

आता हा हिशेब आपल्या भागाला लावून बघू. तयार चोर कुठंही बसलेला असू शकतो, त्याला बेळगावचं तिकीट काढावं लागत नाही. सावजही वाढलंय. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात येतात. ज्या बायका पूर्वी बँकेचं तोंड बघत नव्हत्या, त्या आता ‘पैसे आले काय?’ म्हणून मेसेजची वाट बघतात. ‘तुमचा हप्ता अडकलाय, लिंक दाबा’ या मेसेजला इतकी तयार जमीन आधी कधी नव्हती. त्यात बँकांची नावं बदलली. इथं शाखाशाखांतून ओळखीची असलेली सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. खेड्यापाड्यातली विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ ला दुसऱ्या ग्रामीण बँकेशी एकत्र झाली. बँकेचं नाव, पासबुक, आयएफएससी कोड हे सगळं खरोखरच बदलत असताना ‘केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ असा फोन खोटा वाटायला कारणच काय?

आणि राखणदार? मुलं पुण्या-बेंगळुरूला. घरात दोघं म्हातारी आणि फोन.

पण सीमाभागाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. माझ्या मते आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच जनजागृतीच्या पत्रकात येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर इथल्या मराठी माणसाला सरकार आपल्या घरच्या भाषेत फारसं भेटलंच नाही. सातबाऱ्याच्या जागी आरटीसीचा उतारा, तोही कन्नडमध्ये. वीजबिल कन्नड, बँकेचा अर्ज इंग्रजी, दिल्लीहून येणारं सगळं हिंदी. निम्मं कळलं, निम्मं नाही, तरी मान डोलवायची आणि सांगतील तिथं सही करायची. उरलेलं झेरॉक्सवाल्या पोराकडून किंवा कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाकडून समजून घ्यायचं. हा दोन-तीन पिढ्यांचा सराव आहे. त्याला अडाणीपणा म्हणू नका. परभाषेतल्या सत्तेशी भांडण न काढता काम उरकण्याची ती एक युक्ती आहे, आणि एरवी ती उपयोगी पडते.

फोनवरचा तोतया नेमका तिथंच शिरतो. ‘मैं मुंबई क्राइम ब्रांच से बोल रहा हूँ’ हे वाक्य ज्याला घरच्या भाषेत सरकार भेटतं त्याच्या कानाला खटकू शकतं. निपाणी, खानापूर, येळ्ळूरच्या माणसाला खटकत नाही. अधिकारी असाच बोलतो, घाईत, तुटक, न कळणारे कायदे फेकत, हा त्याचा अनुभवच आहे. अर्धवट कळणं ही धोक्याची खूण त्याला वाटत नाही, ती रोजची गोष्ट वाटते. शिवाय नातवाला हाक मारून ‘काय म्हणतोय बघ रे’ म्हणायची जी एक सोय होती, ती तोतया पहिल्याच मिनिटाला काढून घेतो: कुणालाही सांगायचं नाही, नाहीतर तेही आत जातील.

हे एकटं पाडणं किती परिणामकारक असतं ते येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिलग्रमच्या प्रयोगांत दिसतं. १९६१ मध्ये सुरू झालेले हे प्रयोग बहुतेकांना एका आकड्यानं माहीत आहेत. अधिकारी वाटणाऱ्या माणसानं सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जणांनी समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंतचे झटके दिले (तेही खोटेच, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. मला मात्र त्या मूळ आकड्यापेक्षा मिलग्रमनं नंतर केलेले फेरफार जास्त बोलके वाटतात. हुकूम देणारा खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत आज्ञा पाळणारे साधारण पाचातले एकच उरले. काही जण तर फोनवर ‘हो, देतोय’ म्हणून कमी व्होल्टचा झटका देत होते. दुसऱ्या फेरफारात शेजारी आणखी दोन माणसं बसवली आणि त्यांनी मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणून हात झटकले. तेव्हा ४० पैकी फक्त चौघं शेवटपर्यंत गेले.

‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे कॉलवरच अटक केल्याचं भासवण्याचा सापळा या दोन्ही आकड्यांवर इलाज काढून बसलाय. नुसत्या फोनवर हुकमाची धार कमी होते, म्हणून व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागं अशोकस्तंभ, टेबलावर फायली. साहेब पुन्हा खोलीत हजर. कॅमेरा बंद करायचा नाही, जेवतानाही फोन समोर ठेवायचा. आणि शेजारी कुणी ‘हे काय चाललंय?’ म्हणणारा नको, म्हणून दार लावून बसायचं. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही आणि पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे देशभर सांगितलं. तरी माहिती असलेला माणूसही फसतो, कारण त्या घटकेला तो एकटा असतो.

बेळगावच्या शहापुरातल्या एका सौहार्द (सहकारी) सोसायटीत मी हे उलट घडताना पाहिलं. साठीच्या एक बाई मुदत ठेव मोडायला आल्या होत्या. व्याज बुडतंय हे सांगूनही घाई करत होत्या, पैसे लगेच दुसऱ्या खात्यात पाठवायचे म्हणत होत्या. कॅशियर ओळखीचा. ‘काय मावशी, लग्न ठरलं काय कुणाचं?’ ‘नाही, प्लॉट घेतोय.’ ‘कुठं?’ यावर त्या अडखळल्या. हातातली पिशवी त्यांनी छातीशी धरली होती आणि पिशवीत फोनचा उजेड दिसत होता. कॉल चालू होता. कॅशियर उठून बाहेर आला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, ‘बसा की जरा, चहा घेऊन जावा. सर्व्हर बंद हाय.’ सर्व्हर चालूच होता. चहा येईपर्यंत मॅनेजरनं त्यांच्या मुलाला फोन लावला. मुलाचा आवाज कानावर पडल्यावर बाई रडायलाच लागल्या. पिशवीतला कॉल केव्हा कट झाला ते कुणालाच कळलं नाही.

त्या कॅशियरला सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं होतं की नाही, कुणास ठाऊक. पण आपल्याकडच्या पतसंस्था आणि सोसायट्यांत ‘कशाला पाहिजेत पैसे?’ हा आगाऊ प्रश्न विचारायची रीत आहे. मोबाईलच्या ॲपला ती नाही. ॲप चांगलं की काउंटर, हा वाद मला घालायचा नाही. रांगेत उभं राहायची हौस कुणालाच नसते. इतकंच की व्यवहार फोनवर गेला तेव्हा रांगेबरोबर राखणदारही गेला आणि त्याच्या जागी कुणाला बसवायचं याचा विचार कुणी केला नाही.

ओळखीचाही कधीकधी घात होतो. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येतात. नाव भाच्याचं, नंबर भाच्याचा, पण फाईलच्या शेवटी ‘एपीके’. ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते बसवून मागेल त्या परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, तिसऱ्याला दिसू लागतात आणि तीच फाईल तुमच्या नावानं पुढच्या नातेवाइकांकडे जाते. भाच्याला पत्ताच नसतो. इथं फोन करून ‘पत्रिका तूच पाठवलास काय?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

आणि चोरीचे पैसे जिथून फिरतात ती खाती कुणाची? पुष्कळदा महिन्याला काही हजार मिळतात म्हणून खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेल्या कॉलेजच्या पोरांची. ‘मी काही केलं नाही, खातं फक्त वापरायला दिलं’ हे त्यांचं म्हणणं पोलिसांसमोर फारसं टिकत नाही.

एकदा फसलेल्याला चोर सोडत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडमध्ये ग्रॅहम फॅरेल आणि केन पीज यांनी १९९३ मध्ये दाखवलं की गुन्ह्याला एकदा बळी पडलेल्यावर पुन्हा गुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ऑनलाइन फसवणुकीत फसलेल्यांचे नंबर पुढं विकले जातात. मग ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येतो. पहिली गोष्ट घरात लपवलेली असेल तर हा दुसरा फोनही माणूस एकट्यानंच घेतो.

तक्रारीबाबत सीमाभागातला नेहमीचा घोळ हद्दीचा. घर बेळगावात, खातं कोल्हापुरात, पैसे गेले राजस्थानात. कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं ठाणं आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, म्हणजेच झिरो एफआयआर. १९३० ला फोन आधी करायचा, ठाण्यात नंतर जायचं. जाताना बँकेच्या मेसेजमधला यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा खाते क्रमांक कागदावर लिहून न्यावा. त्याच कलमाप्रमाणे तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर वाचून दाखवावी लागते आणि उतारा विनाशुल्क द्यावा लागतो. मजकूर कन्नडमध्ये असेल आणि कळला नसेल, तर इथं मान डोलवू नये. सोबत कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी न्यावं आणि सही करण्याआधी निदान आकडे तरी कागदाशी ताडून बघावेत. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तरी भलतंच खातं अडू शकतं आणि पैसे पुढं निघून जातात.