उन्हातल्या गाडीत पिस्तूल ठेवणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अंगावर पिस्तूल बाळगणाऱ्याला ते दिवसाकाठी एकदा तरी गाडीत ठेवून जावे लागते. न्यायालय, शाळा, बऱ्याच कंपन्यांची कार्यालये यांच्या दारातून शस्त्र आत जात नाही. टपाल कचेरीत तर ही बंदी तिच्या पार्किंगच्या आवारालाही लागू असते, त्यामुळे गाडी रस्त्यावरच लावावी लागते. ॲरिझोना, नेव्हाडा, टेक्सास, फ्लॉरिडा या राज्यांत यात उन्हाळ्याची भर पडते. पिस्तुलाला उष्णतेचा धोका असतो, पण लोक समजतात तो नव्हे. खरा धोका चोराचा असतो. म्हणून आधी कुलूप आणि मग सावली, हा क्रम सुटू देऊ नये.

उष्णता : ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत 38 अंश सेल्सिअसच्या वरच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाड्यांतील हवा सरासरी 47 अंशांवर, आसने 51 वर, सुकाणूचक्र 53 वर आणि डॅशबोर्ड 69 वर गेला. सावलीतल्या गाड्यांत हवा 38 आणि डॅशबोर्ड 48 अंशांवर थांबला. म्हणजे एकाच गाडीत दोन हातांच्या अंतरात वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. सर्वांत वाईट जागा काचेखालची. त्या मानाने आसनाखालची जमीन आणि डिकीचा तळ बरा, कारण तिथे थेट ऊन येत नाही. समोरच्या काचेला चंदेरी पडदा लावला की डॅशबोर्ड आणि सुकाणूचक्र फारसे तापत नाहीत, आत डोकावणाऱ्याची नजरही थोडी अडते. फिनिक्समध्ये 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 43.3 अंशांवर किंवा त्याच्या वर होता. अशा गावात सावली शोधून गाडी लावणे ही चैन नव्हे.

काडतूस गाडीत आपोआप उडेल ही भीती निराधार आहे. काडतुसातली धूरविरहित दारू पेट घ्यायला दीडशे अंशांहून अधिक तापमान लागते आणि उन्हातली गाडी त्याच्या जवळपासही जात नाही. गाडीलाच आग लागली तर गोष्ट वेगळी. सुटे काडतूस तेव्हा फुटते, पण नळीचा आधार नसल्यामुळे त्याची पितळी पुंगळी फाटते आणि गोळीला फारसा जोर येत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या खोबणीत, भरलेले काडतूस मात्र चाप ओढल्यासारखेच सुटते.

उष्णतेचा खरा परिणाम सावकाश होतो. धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते; ती मुळातच हळूहळू विघटित होत असते आणि ते रोखण्यासाठी तिच्यात स्थिरक मिसळलेला असतो. तापमान वाढले की हा स्थिरक लवकर संपतो. एका दुपारीने काही बिघडत नाही, पण तीच पन्नास काडतुसे चार उन्हाळे डिकीत पडून राहिली तर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. शिवाय दारू तापलेली असताना गोळी झाडली तर दाब नेहमीपेक्षा जास्त येतो. पॉइंट 22 च्या लहान काडतुसांत गोळीवर बाहेरून मेण लावलेले असते. ते पाघळते, त्याला धूळ चिकटते आणि मग काडतूस चेंबरमध्ये अडकते. उपाय सोपा आहे. गाडीतली काडतुसे दर उन्हाळ्याच्या शेवटी सरावात उडवून टाकावीत आणि नवी भरावीत. काडतुसांचा साठा गाडीत ठेवूच नये.

पिस्तुलाचे पोलाद आणि नायलॉनची चौकट या तापमानाला दाद देत नाही. त्रास होतो तो आजूबाजूच्या वस्तूंना. पातळ तेल ओघळून एका बाजूला जमते आणि स्लाइडचे (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचे) रूळ कोरडे पडतात. तेच तेल काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपले तर काडतूस उडेलच याची खात्री राहत नाही. म्हणून रुळांवर घट्ट वंगणाचा (ग्रीसचा) पातळ हात द्यावा, तेल कमी वापरावे. कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचे म्यान डॅशबोर्डवर ठेवले तर वाकू शकते. वाकलेली कड चापाच्या आड आली तर ते धोक्याचे. चामड्याचे म्यान घाम आणि दमट हवा धरून ठेवते, त्यात आठवडाभर ठेवलेल्या पिस्तुलावर गंजाचे नारिंगी ठिपके दिसू लागतात. नेम धरायच्या लाल ठिपक्याच्या दुर्बिणीतील नाणेवजा बॅटरीची मर्यादा साधारण 60 अंश असते. साफसफाईच्या फवाऱ्याचे डबे 50 अंशांच्या वर ठेवू नयेत असे डब्यावरच लिहिलेले असते, तरी ते गाडीत सापडतात.

ह्यूस्टन किंवा मायामीत दमटपणा ऊनाइतकाच जाचक. रात्रभर वातानुकूलित खोलीत असलेले गार पिस्तूल सकाळी बाहेर काढले की चष्म्याच्या काचेसारखे त्यावर दव धरते. ते तसेच गाडीतल्या कुलूपबंद पेटीत बंद केले तर ओल आतच राहते. पुसून, मग ठेवावे. सिलिका जेलची पुडी उपयोगी पडते, पण ती एकदा ओल पिऊन भरली की भट्टीत वाळवेपर्यंत नुसती पुडीच असते.

पेटी : पोलादाची जाडी निदान दीड मिलिमीटर असावी. सोबत येणारी तारेची दोरी साधारण पाच मिलिमीटरची असते आणि ती मोठ्या कातरीने तुटते. म्हणजे दोरीचा उपयोग खिडकी फोडून दहा सेकंदांत पेटी उचलून नेणाऱ्या चोरापुरता; निवांत वेळ असलेल्या चोरापुढे ती टिकत नाही. दोरी आसनाच्या पोलादी सांगाड्याला गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या आवरणाला नव्हे. मग आसन पुढे-मागे पूर्ण सरकवून पाहावे, दोरी रुळात चेपत नाही ना. आसनाखालची पिवळी जोडणी एअरबॅगची असते, तिला हात लावू नये. पेटी बोल्टने पक्की बसवणे जास्त चांगले, पण छिद्र पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे : इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिथूनच जातात.

विजेवरच्या कुलपांत एक दोष असतो. आतला चुंबकीय खटका स्वस्तातला असेल तर पेटी उताणी धरून तळहाताने जोरात ठोकली की झाकण उघडते. विकत घेतल्या दिवशी रिकाम्या पेटीवर हे करून पाहावे. उष्णतेने साध्या बॅटऱ्या गळतात आणि ऐन वेळी कुलूप मुके होते. तेव्हा लागणारी किल्ली त्याच गाडीत ठेवली तर तिचा उपयोग नाही. ज्यात बॅटरीच नाही असे यांत्रिक बटणांचे कुलूप उन्हाळी गावांत अधिक टिकाऊ. पिस्तुलाच्या यंत्रणेतून ओवायचे तारेचे कुलूप मुलांपासून बचाव करते. चोर ते पिस्तुलासकट नेतो.

ठेवण्याची रीत : पिस्तूल मुक्कामी पोहोचण्याआधी, वेगळ्या जागी थांबून पेटीत घालावे. ज्या आवारात शस्त्रबंदी आहे तिथे डिकी उघडून काही दडवणारा माणूस कोणाच्याही लक्षात येतो. म्यानासकट काढावे आणि म्यानासकट ठेवावे, कारण चापाला चुकून बोट किंवा शर्टाचे टोक लागते ते काढता-घालताना. रिकामे करायचे असेल तर आधी मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा खोका) काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासावे. इथे एक छुपी चूक होते. रोज तेच काडतूस बाहेर काढून रोज तेच परत चेंबरमध्ये चढवले की गोळी पुंगळीत आत सरकत जाते, दारूला जागा कमी उरते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. त्याच डब्यातले कोरे काडतूस शेजारी उभे करून पाहावे. जुने बुटके दिसले तर बाद. उन्हातल्या गाडीतून तापलेले पिस्तूल काढताना धातूला एकदम हात लावू नये, पकड सुटून ते खाली पडते. रात्री मात्र पेटी कितीही भक्कम असली तरी पिस्तूल घरात न्यावे. मागच्या काचेवर बंदूक कंपनीचे स्टिकर चिकटवणे म्हणजे चोराला पत्ता देणे.

कायदा : 1986 च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळायचे तर राज्यांच्या सीमा ओलांडून प्रवास करताना शस्त्र रिकामे आणि हाताशी नसलेले हवे, गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल तिच्यात धरला जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 27 जून 2015 रोजी एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेले आणि चार दिवसांनी त्याच पिस्तुलाच्या गोळीने एक तरुणी मेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने 2017 पासून, पोलिसांसकट सर्वांना, सोडून गेलेल्या गाडीतले पिस्तूल डिकीत किंवा नजरेआड कुलूपबंद पेटीत ठेवणे बंधनकारक केले. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2025 पासून अशी पेटी कठीण आवरणाची असावी लागते. पिस्तुलाचा अनुक्रमांक आणि छायाचित्र घरी ठेवावे; चोरीची तक्रार त्याशिवाय अर्धवट राहते.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसांसाठी एक बाब या सगळ्याच्या आधी येते. एफ-1 किंवा एच-1बी व्हिसावर असलेल्यांना शस्त्र आणि काडतुसे जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. मित्राची गाडी दिवसभरासाठी मागून आणताना तिच्या आसनाखाली काय आहे ते म्हणूनच आधी विचारून घ्यावे.