अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजच्या अध्यक्षपदासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि निवडीची पद्धत

दोन वर्षांची असोसिएट पदवी, व्यवसायोपयोगी प्रमाणपत्रे आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची तयारी हे सारे एका छताखाली देणारी सार्वजनिक संस्था म्हणजे अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज. तेथे डीन किंवा उपाध्यक्ष म्हणून काही वर्षे काढलेल्या आणि आता अध्यक्षपदाचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी ही माहिती आहे. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून उदाहरणे मुख्यतः कॅलिफोर्नियाची घेतली आहेत. प्रत्यक्ष अर्ज करताना मात्र त्या त्या जाहिरातीतील मजकूरच प्रमाण मानावा.

अर्ज भरण्याआधी आपण कोणत्या पदासाठी अर्ज करीत आहोत, हे नीट पाहून घ्यावे, कारण पदनामांचा घोटाळा येथे सहज होतो. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कम्युनिटी कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक सार्वजनिक संस्थेत, अनेक कॉलेजे असतात, तेथे संपूर्ण डिस्ट्रिक्टचा प्रमुख चॅन्सलर असतो आणि प्रत्येक कॉलेजचा अध्यक्ष त्याच्या हाताखाली काम करतो. नऊ कॉलेजांचे लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्ट हे याचे मोठे उदाहरण. एकच कॉलेज असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये ‘सुपरिंटेंडेंट-प्रेसिडेंट’ असे जोडपद असते आणि ती व्यक्ती थेट विश्वस्त मंडळाला उत्तरदायी असते. मंडळ कसे बनते, यालाही महत्त्व आहे. कॅलिफोर्नियात विश्वस्त स्थानिक मतदारांतून निवडून येतात, तर फ्लोरिडात त्यांची नेमणूक गव्हर्नर करतो. ज्यांच्यापुढे आपण बसणार, ती माणसे कोणाला जबाब देतात हे ठाऊक असलेला उमेदवार मुलाखतीत अधिक नेमके बोलतो.

पात्रता

कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार शैक्षणिक प्रशासकाची किमान अर्हता दोनच गोष्टींची आहे : मास्टर्स पदवी, आणि त्या प्रशासकीय कामाशी संबंधित एका वर्षाचे औपचारिक प्रशिक्षण, इंटर्नशिप किंवा नेतृत्वाचा अनुभव. कागदावर ही अट सौम्य दिसते, परंतु अध्यक्षपदाच्या जाहिरातींत बहुधा डॉक्टरेटला प्राधान्य असते आणि वरिष्ठ प्रशासनातील अनेक वर्षांचा अनुभव अपेक्षिलेला असतो. ‘आवश्यक’ आणि ‘अपेक्षित’ हे दोन रकाने वेगळे वाचावेत. पहिल्यातील एकही अट कमी पडत असेल, तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो; दुसऱ्यातील एखादी उणीव मात्र अनुभवाने भरून काढता येते, आणि केवळ डॉक्टरेट नाही म्हणून चांगल्या प्रशासकाने मागे राहणे मला पटत नाही.

भारतातील पदवी असणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. परदेशी पदवीसाठी बहुतेक संस्था स्वतंत्र मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागतात, आणि ती संस्था ‘नेसेस’ या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची सदस्य असावी, अशी अट अनेकदा असते. आपल्याकडची तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. पदवी अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीइतकी मानायची की नाही, याबाबत सर्व मूल्यांकन संस्थांचा निर्णय सारखाच येतो असे नाही. शिवाय गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट या एकच गोष्टी नव्हेत. प्रत्येक वर्षाची मार्कशीट जपून ठेवलेली असली, तरी मूल्यांकनासाठी पुष्कळदा विद्यापीठाने स्वतः मोहोरबंद करून पाठवलेली प्रतच लागते, आणि ती मिळवण्यासाठी परीक्षा विभागात जो वेळ जातो, तो जाहिरातीच्या मुदतीत बसत नाही. म्हणून हे काम पद निघण्याची वाट न पाहता आधीच उरकून ठेवावे.

कागदपत्रे

सर्वसाधारणपणे ऑनलाइन अर्ज, कव्हर लेटर, सविस्तर सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट आणि पाच ते आठ रेफरन्सची यादी एवढे मागितले जाते. रेफरन्समध्ये आपले वरिष्ठ, आपल्या हाताखालचे कर्मचारी, प्राध्यापक आणि कॉलेजबाहेरचे भागीदार अशी सरमिसळ असावी, असे जाहिरातीत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. उमेदवाराची संमती घेतल्याशिवाय या व्यक्तींना फोन न करण्याचा प्रघात आहे. तरीही त्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी. अमेरिकेत नोकरीचा परवाना आहे का आणि पुढे व्हिसासाठी कॉलेजचे प्रायोजकत्व लागेल का, हा प्रश्न अर्जातच असतो आणि त्याचे उत्तर सरळ द्यावे.

या सगळ्यांत निर्णायक कागद एकच : कव्हर लेटर. जाहिरातीसोबत कॉलेजचे एक माहितीपत्रक येते, त्यात पुढील अध्यक्षापुढची आव्हाने मांडलेली असतात आणि पत्राने त्यांतील प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. त्यात विद्यार्थ्यांच्या यशाचा मुद्दा हमखास असतो, आणि अनेक अर्ज नेमके तेथेच ढिले पडतात.

‘माझ्या कार्यकाळात पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले’ हे वाक्य घ्या. निवड समितीत संस्थात्मक संशोधन विभागाचा, म्हणजे कॉलेजची आकडेवारी सांभाळणाऱ्या विभागाचा, एखादा माणूस बहुधा असतो, आणि त्याला लगेच चार प्रश्न पडतात : कोणते विद्यार्थी मोजले, कोणत्या वर्षापासून मोजले, किती मुदतीत मोजले, आणि त्यात तुमचा वाटा कोणता? केंद्र सरकारच्या ‘आयपेड्स’ या माहितीसंचातील नेहमीचा पदवीदर प्रथमच प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा असतो आणि तो ठरलेल्या कालावधीच्या दीडपट मुदतीत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षांत, मोजला जातो. कम्युनिटी कॉलेजात तर अर्धवेळ शिकणारेच मोठ्या संख्येने असतात. ते या आकड्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी आठ वर्षांपर्यंतचे निकाल देणारे वेगळे मापन त्याच माहितीसंचात आहे. कोणता आकडा कोणत्या मापनातून घेतला, हे एका वाक्यात सांगणारा उमेदवार पहिल्याच पानावर विश्वास कमावतो.

आकड्याच्या मागची कृतीही तितक्याच जवळून दाखवावी. ग्रंथालयाच्या किरकोळ दंडापोटी नोंदणी अडवली गेली आणि विद्यार्थी पुढच्या सत्राला आलाच नाही, असे प्रकार कॉलेजांत घडतात; अशी अडवणूक किती रकमेपर्यंत शिथिल केली, त्यासाठी कोणत्या विभागाला राजी करावे लागले आणि त्यातून किती विद्यार्थी परत आले, हे लिहिणे ‘विद्यार्थिकेंद्री दृष्टिकोन’ या शब्दांपेक्षा कितीतरी वजनदार ठरते. मात्र एखाद्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगताना त्याची ओळख पटेल असा तपशील गाळावा. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा ‘फर्पा’ हा केंद्रीय कायदा १९७४ पासून लागू आहे आणि निष्काळजीपणाने लिहिलेला परिच्छेद उमेदवाराविषयी नको ते सांगून जातो.

या क्षेत्रातील पुराव्याची ओळख असणेही आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ उपक्रमात पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर शिकवणी शुल्कातील कमी पडणारी रक्कम, पुस्तके आणि प्रवासाचा पास यांची सोय केली गेली, आणि थोडेच विद्यार्थी हाताखाली असलेला सल्लागार प्रत्येकाला देण्यात आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून झालेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण उपक्रमातील गटात ४० टक्के, तर इतरांत २२ टक्के आढळले. कॅलिफोर्नियासाठी अर्ज करणाऱ्याने २०१७ चा ‘एबी ७०५’ हा कायदाही वाचलेला असावा, कारण त्याने विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत अडकवून ठेवण्याची जुनी वाट बरीच अरुंद केली आणि प्रवेशपातळी ठरवताना शाळेतील गुणांना महत्त्व दिले.

निवडीचे टप्पे

जाहिरातीत ‘पद भरेपर्यंत खुले’ असे असले, तरी प्राधान्याने विचार होण्याची एक तारीख दिलेली असते. तीच शेवटची समजावी. छाननीनंतर पहिली मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. इथवर अर्ज गोपनीय असतो, परंतु अंतिम फेरीतील उमेदवारांची नावे सार्वजनिक कॉलेजे बहुधा जाहीर करतात आणि प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी यांच्यापुढे खुल्या सभाही होतात. आपल्या सध्याच्या वरिष्ठांना ही बातमी दुसऱ्याकडून कळू नये, एवढी काळजी त्याआधीच घ्यावी.

निर्णय विश्वस्त मंडळ घेते. कॅलिफोर्नियात नेमणुकीची चर्चा बंद दाराआड होऊ शकते, पण ‘ब्राउन ॲक्ट’ या सार्वजनिक मंडळांच्या सभांविषयीच्या राज्य कायद्यानुसार अशा प्रमुख अधिकाऱ्याच्या वेतनावर अंतिम निर्णय घेण्यापूर्वी त्याचा गोषवारा खुल्या सभेत तोंडी सांगावा लागतो; म्हणून मंडळाची मंजुरी हाती येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. करार एका वेळी जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो. रुजू होण्यापूर्वी बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणी यांची पूर्तता करावी लागते, तर नोकरीच्या परवान्याचा ‘आय-९’ अर्ज उमेदवाराने पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो आणि मूळ कागदपत्रे त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत दाखवायची असतात.