नव्या घरातली गरम पाण्याची लाईन: प्लास्टरआधी हे वाचा

घर बांधायला काढले की विटा, सळई, सिमेंट, फरशी यांवर घरात महिना-महिना बोलणे चालते. गरम पाण्याचा पाईप मात्र मिस्त्री दुपारी फोन करून मागवतो आणि संध्याकाळपर्यंत तो भिंतीच्या झिरीत बसलेलाही असतो. दुसऱ्या दिवशी त्यावर प्लास्टर येते. पुढची वीस-पंचवीस वर्षे तो कुणाच्या नजरेस पडत नाही. पाईप आमच्याकडून घ्या की दुसऱ्या दुकानातून, हे पत्रक एकदा मिस्त्रीला सोबत घेऊन वाचा.

थंड पाण्याचा पांढरा पीव्हीसी पाईप गरम पाण्याला लावू नका. साधारण ४५ अंशांच्या पुढे त्याच्या ताकदीचा भरवसा धरता येत नाही आणि गिझरचे पाणी सहज ६०-७० अंशांवर जाते. हे आम्ही स्वतःच्या घरी भोगले आहे. घाईत उरलेला पांढरा पाईप गिझरला जोडला गेला. दुसऱ्या हिवाळ्यात न्हाणीच्या भिंतीला ओल आली, टाईल्स फोडाव्या लागल्या. एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, पाईप फुगून वाकला होता आणि बोटाने दाबला तरी सांध्यातून निसटत होता. तो तुकडा आजही आमच्या काउंटरवर आहे. आलात की हातात घेऊन बघा.

मग लोखंडी जीआय पाईप का नको, असे जुनी माणसे विचारतात. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी लोखंडाला आतून खाते. काही वर्षांत नळाला तांबूस पाणी येते आणि धार बारीक होते. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा खास प्लास्टिक पाईप, त्याला गंज लागत नाही. मात्र क्षार गिझरमध्ये आणि सोलरच्या नळ्यांत साचतातच, पाईप बदलून ते थांबत नाहीत.

घरगुती गरम लाईनसाठी आम्ही सीपीव्हीसी देतो, तोही एसडीआर ११ चा. एसडीआर म्हणजे पाईपाचा बाहेरचा व्यास भागिले त्याच्या भिंतीची जाडी; आकडा लहान तितकी भिंत जाड. पाईपवर आयएस १५७७८ हा मानक क्रमांक आणि एसडीआर छापलेला असतो, तो वाचूनच घ्या. १३.५ चा पाईप स्वस्त पडतो, पण त्याची भिंत पातळ असते. एसडीआर ११ चा पाईप २३ अंशांच्या पाण्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८ किलो दाब सोसतो, ८२ अंशांवर तोच सुमारे ७ किलोवर येतो. एकमजली घराच्या स्लॅबवरच्या टाकीचा दाब नळापाशी अर्धा किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे पंप लावला नसेल तर दाबाची काळजी नको. पाईप बिघडतो तो उष्णतेने आणि हलक्या कामाने.

हलके काम म्हणजे काय, तर वळण काढायला पाईप कागदाच्या जाळावर धरणे. तिथे तो पिवळसर-तपकिरी होतो, भिंत पातळ होते आणि पुढे नेमका तिथेच फुटतो. वळणाला एल्बोच लावा. आट्यांना खाण्याचे तेल किंवा ग्रीस लावायची काहींची सवय आहे. तेलाने सीपीव्हीसीला बारीक तडे जातात, म्हणून फक्त टेफ्लॉन टेप वापरा. सांधे चिकटवायचे सोल्युशनही सीपीव्हीसीचेच हवे. गिझरच्या तोंडाशी पितळी आट्यांचे फिटिंग घ्या, प्लास्टिकच्या आट्या तिथे टिकत नाहीत.

गरम झाला की हा पाईप लांबीने वाढतो. वीस फुटांच्या सरळ लाईनमध्ये ५० अंशांचा फरक पडला तर जवळपास दोन सेंटिमीटर. दोन्ही टोके सिमेंटात घट्ट आवळली तर ही वाढ जायची कुठे? सांध्यावर जोर येतो. क्लॅम्प सैल ठेवा, लांब लाईनला मध्ये एक वळण द्या.

आता लांबीचे. पाऊण इंची पाईपात चाळीस फुटांना तीन लिटर पाणी मावते. स्वयंपाकघर गिझरपासून तेवढे लांब असेल तर दरवेळी तीन लिटर थंड पाणी आधी ओतून द्यावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पाणी कसे येते हे सांगायला नको. तेवढ्याच लांबीच्या अर्धा इंची पाईपात दीड लिटर राहते. म्हणून नकाशा काढतानाच न्हाणी आणि स्वयंपाकघर एका भिंतीशी आणता आले तर बघा.

सोलर असेल तर आणखी थोडे. उन्हाळ्यात गरम पाणी कुणी वापरत नाही, बाहेर पारा ४५ आणि सोलरच्या टाकीतले पाणी पाईपाच्या मर्यादेपलीकडे तापते. टाकीपासूनचे पहिले दोन-तीन फूट आम्ही तांब्याचे घेतो आणि एप्रिलपासून नळ्यांवर ताडपत्री टाकायला सांगतो. वाफेचा उभा पाईप थंड टाकीच्या वर उघडाच राहू द्या. थेंब गळतात म्हणून त्याला बूच मारू नका, कोंडलेल्या वाफेने टाकी फाटू शकते. स्लॅबवरच्या उघड्या लाईनला फोमचे आवरण आणि त्यावर पत्रा किंवा जाड टेप लावा. नुसता फोम उन्हाने कुरतडल्यासारखा होतो आणि वानरे उरलासुरला ओढून काढतात.

शेवटचा सांधा जोडून २४ तास झाले की सगळी तोंडे बंद करा, लाईनमधली हवा काढा आणि हातपंपाने १० किलो दाब द्या. तासभर गेजचा काटा हलता कामा नये. हललाच तर ओला सांधा तिथेच डोळ्यांनी दिसतो, कारण भिंत अजून उघडी आहे. गेज आणि पंप आमच्याकडून न्या, भाडे घेत नाही. त्या तासाला घरातले कुणीतरी तिथे थांबा. काटा जागेवर राहिला की प्रत्येक भिंतीला टेप लावून पाईपाचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे खिळा ठोकताना किंवा आरसा लावताना ते उपयोगी पडतात.