अकरावीच्या अर्जावरची पालकांची सही

दहावीचा निकाल लागला की मुंबईतल्या मराठी घरांत पेढ्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो : ‘मग, कोणती साइड घेणार?’ प्रश्न मुलाला विचारलेला असतो आणि बहुतेक वेळा उत्तर आई किंवा वडील देतात. विज्ञान, वाणिज्य की कला, विज्ञान घेतले तर गणित ठेवायचे की जीवशास्त्र, वाणिज्य घेतले तर गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हे सारे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरते आणि त्यावर पुढच्या पदवीचे दरवाजे उघडतात किंवा बंद होतात. या निर्णयात पालकांचा शब्द इतका वजनदार कसा झाला, याचा माग काढताना मला असे दिसते, की तो घरातल्या धाकामुळे जितका वाढला, त्याहून अधिक परीक्षा आणि प्रवेशाच्या बदलत्या नियमांनी वाढवला.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पिढीच्या पालकांपुढे शाखा निवडण्याचा प्रश्न फारसा नव्हताच; मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे की नाही आणि मुंबईत कोणाच्या घरी ठेवायचे, हे खरे प्रश्न होते. कोकणातून किंवा देशावरून आलेला मुलगा गिरगावात नातेवाइकांकडे राहत असे आणि त्याचे शिक्षण कोठवर चालायचे, हे गावाकडून येणारे पैसे ठरवत. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून होते, तंत्रशिक्षणासाठी 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेजाने वाणिज्य शिक्षणाला स्वतंत्र जागा दिली. अशा रीतीने एकेक वाट वाढत गेली, तसा ‘मुलाने काय शिकावे’ हा प्रश्न घराच्या चर्चेत आला.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली आणि अकरावीच्या अखेरीस होणारी जुनी एसएससी रूढ झाली. त्या काळी निवडीची पहिली पायरी आठवीत असे. मराठी शाळांतून पूर्ण संस्कृत घ्यायचे की संस्कृत-हिंदी संयुक्त, टेक्निकलला जायचे की नाही, हे आठवीच्या आरंभी ठरे. आज वाचणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण ज्याचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते त्याला टेक्निकल मिळणे आणि ज्याचे वडील शिक्षक होते त्याला पूर्ण संस्कृत मिळणे, यात मुलाच्या कलाचा वाटा किती आणि घराच्या ओळखीचा किती, हे सांगणे कठीण आहे. शालान्त परीक्षेनंतर दोन वर्षांनी येणारी इंटर सायन्सची परीक्षा मात्र खरी चाळणी होती. गणिताचा ए ग्रूप अभियांत्रिकीकडे आणि जीवशास्त्राचा बी ग्रूप वैद्यकाकडे नेत असे. ‘इंटरला गेला’ किंवा ‘इंटरला मार्क कमी पडले’ ही वाक्ये त्या पिढीच्या तोंडी अजून ऐकू येतात.

कोठारी आयोगाने (1964 ते 1966) सुचवलेला 10+2+3 चा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला आणि 1975 साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. या एका बदलाने शाखेचा निर्णय एक वर्ष अलीकडे आला. पूर्वी सोळा वर्षे पूर्ण झालेला मुलगा कॉलेजात प्रवेश घेताना जो निर्णय घेत असे, तो आता पंधरा वर्षांच्या मुलाने घ्यायचा होता आणि तोही ज्युनिअर कॉलेज या पूर्णपणे नव्या व्यवस्थेत. पालकांपैकी कोणीही स्वतः त्या व्यवस्थेतून गेलेले नव्हते. त्यांच्या हाती स्वतःच्या मॅट्रिकचे आणि इंटरचे अनुभव होते आणि त्यांच्याच आधारे ते सल्ला देत होते. इथूनच एक गोष्ट सुरू झाली, जी पुढे दर पिढीत दिसते : मुलाला पुढची वाट दाखवताना पालकांच्या हातातला नकाशा आदल्या पिढीचा असतो.

त्या नकाशावर सत्तरच्या दशकात बँक मोठ्या अक्षरांत होती. 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या आणि फोर्टातल्या कार्यालयांत टेबल मिळणे हे मध्यमवर्गीय मराठी घराचे स्वप्न झाले. कॉमर्स घ्यायचे, संध्याकाळी टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासला जायचे आणि पदवी हाती येताच परीक्षा द्यायची, असा रस्ता लालबाग-परळच्या चाळींतून ठळकपणे आखला गेला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा त्या भागातल्या हजारो घरांची निवड निवड उरलीच नाही. मुलगा हुशार असला तरी लवकर कमावता होईल असे काही, म्हणजे आयटीआय किंवा रात्रशाळा-रात्रकॉलेजासह नोकरी, हेच पालकांना शक्य होते. शाखानिवडीत पालकांची भूमिका असे आपण म्हणतो, तेव्हा त्या भूमिकेत किती वेळा निव्वळ पगाराची तारीख बोलत असते, हे विसरता कामा नये.

1983 साली महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पुन्हा बदलले. जागा वाढल्या, तशी फीही वाढली आणि ज्या घराला ती परवडत होती त्या घराने विज्ञान शाखेचा आग्रह अधिक धरला. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढणे, आईच्या पाटल्या मोडणे, हे सारे त्या काळच्या ओळखीच्या घरांत घडले आहे. बारावीच्या गुणांना सोन्याचा भाव आला आणि बारावीच्या गुणांसाठी अकरावीत चांगले कॉलेज मिळणे आवश्यक ठरले.

माझ्या वडिलांनी 1990 च्या जूनमध्ये माझ्यासाठी चार कॉलेजांचे फॉर्म आणले, ते मला अजून आठवते. प्रत्येक कॉलेजाची खिडकी वेगळी, रांग वेगळी, फॉर्मचे पैसे वेगळे. पहिली यादी लागली त्या सकाळी ते कार्यालयातून अर्धी रजा काढून फलकासमोर उभे राहिले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कटऑफ उतरवून घेतले : विज्ञान इतके, वाणिज्य इतके, कला इतके. संध्याकाळी ते पान जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून त्यांनी मला विज्ञानाच्या आकड्याखाली बोटाने रेघ ओढून दाखवली. मला भाषा आवडत होत्या, हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. इतकी धावपळ करून मिळवलेली माहिती कोणाही माणसाला निर्णयासारखीच वाटेल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक निकष होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही : कॉलेज घरापासून किती दूर. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायला दादरला गाडी बदलावी लागते, म्हणून चांगली शाखा सोडून जवळचे कॉलेज घेतलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये सुरू केलेले महिला विद्यापीठ 1936 साली मुंबईत आले, त्यामुळे अनेकींची पदवी झाली. पण विज्ञानाला जाऊ पाहणाऱ्या मुलीला ‘प्रॅक्टिकलमुळे उशीर होईल’ हे कारण घरातून ऐकावे लागत असे. पालकांचा हेतू काळजीचा होता, यात शंका नाही. त्या काळजीची किंमत मात्र मुलींनीच मोजली.

मार्गदर्शनाचे प्रयत्नही जुने आहेत. 1950 च्या सुमारास मुंबई राज्याच्या सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचे काम हाती घेतले होते आणि 2016 मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. ती काही वर्षे चालली. ज्या घरांत तिचा अहवाल आला, तिथे तो गुणांच्या टक्केवारीपुढे फारसा टिकला नाही.

मुंबई महानगर क्षेत्रात 2009 पासून अकरावीचे प्रवेश केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन होऊ लागले. रांगा संपल्या, हा मोठा दिलासा होता. पालकांचे काम मात्र कमी झाले नाही, त्याचे स्वरूप बदलले. अर्जाचा पहिला भाग, दुसरा भाग, पसंतीक्रम, फेऱ्या, कोटा, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेणे बंधनकारक असल्याचा नियम, हे सारे समजून घेण्याची जबाबदारी आई-वडिलांवर आली. ज्यांना हे जमले नाही, ते सायबर कॅफेतल्या मुलाला विचारून क्रम लावत. यातच नियम दरवर्षी हलत राहिले : टक्केवारी काढण्याचे सूत्र आणि बेस्ट फाइव्ह (सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरणे) यांवर न्यायालयांत वाद झाले, 2020 मध्ये प्रवेश मध्येच थांबले, 2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही आणि तिच्या जागी ठरलेली अकरावीची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. अशा वेळी मुलाच्या आवडीवर बोलायला घरात उसंत उरत नाही. आधी तारीख चुकू नये, एवढेच पाहिले जाते.

दरम्यान बारावीच्या गुणांचे महत्त्व उतरत गेले होते. राज्याची सीईटी आली, अभियांत्रिकीच्या केंद्रीय संस्थांसाठी जेईई होती आणि 2017 पासून राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशासाठी नीट आली. त्यामुळे अकरावीचा प्रश्न कॉलेजाचा न राहता क्लासचा झाला. कॉलेजात फक्त नाव आणि प्रत्यक्ष शिकणे क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था इतकी पसरली, की जून 2018 मध्ये शासनाला मुंबईसह काही विभागांत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की निर्णय आणखी मागे सरकला. या परीक्षांच्या पूर्वतयारीचे फाउंडेशनचे वर्ग आठवीपासून भरतात आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘पीसीएम की पीसीबी’, म्हणजे भौतिक-रसायनशास्त्राबरोबर गणित की जीवशास्त्र, असे विचारले जाते. आठवीत संस्कृत की टेक्निकल ठरवणाऱ्या जुन्या घरांच्या जवळ आपण फिरून आलो आहोत. फरक इतकाच, की आता त्या निर्णयाला लाखाच्या घरातली फी जोडलेली असते आणि एकदा हप्ता भरला की मुलाला ‘मला हे नको’ म्हणणे अवघड होऊन बसते. मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक चिंतेची वाटणारी गोष्ट हीच आहे.

नियमांच्या बाजूने अलीकडे काही दारे सैल झाली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या कडक भिंती काढण्याचे म्हटले आहे. 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या काही शाखांसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्हींची अट शिथिल केली. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केले, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीट देऊ शकतो. 2025 पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली, तेव्हा मुंबईच्या पालकांनी सोळा वर्षे सोसलेला गोंधळ आता गावोगावच्या पालकांच्या वाट्याला आला आहे.

गेल्या मे महिन्यात दादरच्या एका शाळेच्या सभागृहात पालकांसाठी सभा होती. मागच्या रांगेत बसलेल्या एका आईने विचारले, ‘आत्ता बायो सोडलं, आणि उद्या तिलाच डॉक्टर व्हावंसं वाटलं तर?’ उत्तर देणाऱ्या शिक्षिकेने 2023 चा निर्णय समजावून सांगितला. त्या आईने तो पर्समधल्या पावतीच्या मागे लिहून घेतला आणि शेजारी बसलेल्या मुलीकडे ती पावती सरकवली. मुलीने ती वाचली, पेन मागून घेतले आणि खाली स्वतःचा एक प्रश्न लिहिला.