दुसऱ्या स्केलची इमारत, आपला लेआउट: किट घेण्याआधी आणि कापायला देण्याआधी

रेल्वे मॉडेलच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्यावर, इमारत बसवायची तर आधी तिचं दार मोजा. स्केल १:८७ म्हणजे मॉडेल खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. किटच्या, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या, डब्यावर छापलेलं स्केल नंतर वाचलं तरी चालेल. माणसाच्या ये-जा करायच्या दाराची उंची सात फूट, म्हणजे साधारण २.१ मीटर धरली, तर ते दार वेगवेगळ्या स्केलमध्ये असं येतं:

एन (१:१६०): १३ मि.मी.
टीटी (१:१२०): साडेसतरा मि.मी.
एचओ (१:८७): २४ मि.मी.
ओओ (१:७६): साडेसत्तावीस मि.मी.
एस (१:६४): ३३ मि.मी.
ओ (१:४८): ४४ मि.मी.

इंग्लंडची एन आणि ओ किटं याहून थोडी मोठी असतात, कारण तिथलं एन १:१४८ आणि ओ १:४३.५ धरतात. उलट जुन्या युरोपीय किटांतली बरीच घरं डब्यावर एचओ लिहिलेलं असूनही लहान निघतात. टेबलावर जागा पुरावी म्हणून बनवणाऱ्यानंच ती आखडती घेतलेली असतात. म्हणून छापील अक्षरापेक्षा पट्टीवर भरवसा ठेवा.

आमचं काम लेझर कटिंगचं. शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीच्या मार्गावरच्या एका तालुक्याच्या गावात आम्ही ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या, मखरं कापतो आणि मागणीप्रमाणे रेल्वे मॉडेलच्या इमारतींचे भागही. वऱ्हाडातलं स्टेशन, जीन (कापसातून सरकी काढायचा कारखाना), कापसाचं गोदाम यांची तयार किटं काही दुकानात टांगलेली नसतात. त्यामुळे ग्राहक मिळेल तो किटचा डबा घेऊन येतात आणि विचारतात, "भाऊ, हे आपल्या गाडीपाशी मोठं तं नाही दिसणार?" बहुतेकांना आम्ही सांगतो की इमारत राहू द्या, दार बदला. ते कसं, ते पुढे.

रूळ पाहून स्केल ठरवू नका

एचओ आणि ओओ दोन्ही गाड्या साडेसोळा मि.मी. रुंदीच्या (दोन रुळांमधलं अंतर) एकाच रुळावर धावतात. पण ओओची इमारत एचओपेक्षा चौदा टक्के मोठी असते. रूळ जुळला म्हणून इमारत जुळेल असं नाही.

आपल्या ब्रॉडगेजचं तर आणखी वेगळं. साडेसोळा मि.मी. हे १,४३५ मि.मी.च्या परदेशी रुळाचं एचओ माप. आपला रूळ १,६७६ मि.मी.चा, तो एचओत सव्वाएकोणीस मि.मी. व्हायला हवा. तरी भारतीय गाडीच्या डब्यांची एचओ मॉडेलं साडेसोळाच्याच रुळावर चालवतात आणि त्यात काही वावगं नाही. फक्त इमारतीचं माप रुळावरून काढू नका. रुळावरून काढलं तर उत्तर १:१०१.६ येतं, आणि स्टेशन डब्यांच्या मानानं चौदा टक्के लहान होऊन बसतं. डबा १:८७ असेल तर स्टेशनही १:८७.

सगळ्यांत जास्त घोळ नऊ मि.मी.च्या रुळाचा. बाजारात तो एन स्केलचा म्हणून मिळतो. आपली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला मात्र ७६२ मि.मी.च्या नॅरोगेजवर धावायची. ७६२ ला ८७ नं भागा, उत्तर ८.७६ येतं. म्हणजे एचओमध्ये शकुंतला करायची तर रूळ हाच नऊ मि.मी.चा लागतो, डबे, माणसं, बंड्या (बैलगाड्या), स्टेशन सगळं १:८७ चं. पुलगाव–आर्वी आणि नागपूर–नागभीड या नॅरोगेज गाड्यांनाही हेच लागू. रुळाच्या पाकिटावर एन वाचून एनची घरं घेतली, तर डबा घराच्या वळचणीहून उंच उभा राहतो. अकोला–खंडव्याची मीटरगेज करणाऱ्यांनी बारा मि.मी.चा रूळ घ्यावा, इमारती त्याच १:८७.

डबे-इंजिनांची मापं स्वतः पाहायची असतील तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. पट्टी आणि वही घेऊन जा.

माप सांगतो तो माणूस

कोऱ्या भिंतीला स्वतःचं माप नसतं. वीस सेंटिमीटरची भिंत एचओत सतरा मीटरची आणि एनमध्ये बत्तीस मीटरची. ती किती लांब आहे हे बघणाऱ्याला कळतं ते जिथे माणसाचं अंग लागतं त्या भागांवरून: दार, पायरी, कठडा, खिडकीची चौकट, बाकडं, फलाटाची कड. एचओत पायरी दोन मि.मी.च्या आत हवी आणि कठडा दहा-बारा मि.मी. एवढे भाग बरोबर बसले की उरलेल्या इमारतीत बरंच खपून जातं. आणि हेच भाग चुकले, तर बाकी कितीही बारीक काम केलं तरी इमारत खेळण्यासारखी दिसते.

ओ स्केलचं किट एचओत

हा बदल सगळ्यांत फायद्याचा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ओचं ४४ मि.मी.चं दार एचओत ३.८ मीटर उंच होतं. कापसानं वरपर्यंत भरलेली बंडी किंवा ट्रक आत जायला एवढंच दार लागतं. म्हणजे ओचं एकमजली घर म्हणजे एचओचं गोदाम. चौकट तशीच ठेवून तिच्यात दोन फळ्यांचं सरकतं दार लावा आणि शेजारच्या भिंतीत २४ मि.मी.चं माणसाचं दार कापा. हे दुसरं दार विसरायचं नाही. मोठ्या दाराचं मोठेपण त्याच्यामुळेच कळतं.

ओचा एक मजला साधारण ६६ मि.मी. उंच असतो. त्याच्या मधोमध स्लॅबची पट्टी चिकटवली की एचओचे प्रत्येकी २.९ मीटरचे दोन मजले होतात. खिडक्या मात्र नव्या लागतील, जुन्या बुजवाव्या लागतील.

ओची विटांची भिंत टाकून देऊ नका. ओची वीट एचओत त्रेचाळीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर उंच होते. वीट म्हणून ती हास्यास्पद, पण काळपट राखाडी रंग दिला की घडीव काळ्या दगडाचं बांधकाम वाटतं, आणि जुन्या सरकारी इमारतींत ते आपल्याकडे ठिकठिकाणी आहे. पत्र्याचंही तसंच. लोखंडी नालीदार पत्र्याच्या दोन नाल्यांमधलं अंतर ७६ मि.मी. असतं, ते ओत १.६ मि.मी. होतं. सिमेंटच्या पत्र्याची नाली १४६ मि.मी.ची, ती एचओत १.७ मि.मी. येते. तेव्हा ओचं टीन एचओत सिमेंटचा पत्रा म्हणून बिनधास्त वापरा. चंदेरी रंग न देता फिकट राखाडी द्या, कडांना शेवाळाचा काळा हात मारा.

धुराडी आणि टाक्या तर जशाच्या तशा चालतात. ओच्या किटमधलं पंचवीस सेंटिमीटरचं धुराडं मूळ स्केलमध्ये बारा मीटरचं, तेच एचओत जवळजवळ बावीस मीटरचं. जीनच्या आवारात शोभेल असं. जीनचं सांगायचं कारण, वऱ्हाडी लेआउटवर जीन नसेल तर गाडी कशासाठी धावते तेच कळत नाही. किलिक निक्सन कंपनीनं शकुंतलेचा मार्ग टाकला तो कापूस बाहेर न्यायला. शिवाय लांब शेड, कापूस दाबायच्या प्रेसची उंच इमारत, धुराडं आणि पुढे कापसाच्या गंज्या, यात माणसाच्या मापाचे भाग इतके थोडे की दुसऱ्या स्केलच्या किटला याहून सोपं काम नाही.

एनचं किट एचओत

इथे जपून. एनचा एक मजला वीस मि.मी.चा, एचओत तो पावणेदोन मीटरचा होतो आणि त्यात माणूस वाकून उभा राहील. पण एनचे दोन मजले मिळून चाळीस मि.मी., म्हणजे एचओत साडेतीन मीटर. इंग्रजांच्या काळातल्या स्टेशनांचं छत असंच उंच असायचं. म्हणून एनची दुमजली इमारत एचओत एकमजली करा: वरची आणि खालची खिडकी यांमधली भिंत कापून एक लांब उभी खिडकी काढा, मजल्याची पट्टी घासून टाका. एनच्या गोदामाचं चार मीटरचं दार पंचवीस मि.मी. असतं, ते एचओत माणसाचं दार म्हणून बरोबर बसतं. एनचं गोदाम म्हणजे एचओत फाट्यावरचं दुकान किंवा गँगमनची खोली.

एनच्या विटा अर्ध्या मि.मी.च्या, त्या एचओत नखाएवढ्या दिसतात. भिंतीला पातळ पुट्टीचा हात द्या आणि पिवळा किंवा पांढरा चुना मारा. आपल्याकडच्या बहुतेक इमारती गिलावा केलेल्याच असतात, त्यामुळे ही पळवाट वाटत नाही.

ओओ आणि एचओ

फरक कमी, उपाय सोपा. ओओची इमारत एचओत बसवताना पुढचा ओटा किंवा फलाट साडेतीन मि.मी.नं उचला, दाराचा तेवढा भाग खाली दडतो. फार मोठी वाटली तर जोत्यातून कापा. उलट एचओची इमारत ओओत न्यायची असेल तर दारावर झरोक्याची चौकट वाढवा.

आपल्या मुलखाचं रूप

माप जुळलं तरी परदेशी घर परदेशीच दिसतं. बर्फ घसरून पडावा म्हणून त्यांची छपरं उभी असतात. त्रिकोणी भिंत वरून कापून उतार पंचवीस-तीस अंशांवर आणा. घराच्या छपरावरचं धुराडं काढा, भोक बुजवा. पुढे लाकडी खांबांची ओसरी जोडा. कवेलूचं (कौलांचं) छप्पर हवं असेल तर दुसऱ्या स्केलचं ओढूनताणून वापरू नका, ते फसतं. एचओमध्ये मंगलोरी कवेलूची ओळ सव्वादोन मि.मी. रुंदीची येते, आम्ही ती जाड कागदावर कोरून देतो. नॅरोगेजचा फलाट जमिनीपासून जेमतेम वर असतो, ब्रॉडगेजचा उंच फलाट मात्र रुळापासून ८४० मि.मी.पर्यंत, म्हणजे एचओत साडेनऊ मि.मी. तयार फलाट घेताना हे पाहा. वळणावर फलाट लावूच नये, आमचं मत. लांब डबा वळताना मधोमध आत येतो आणि कड घासतो.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी नाव आलं की अर्धं काम होतं. पाटी ज्या स्केलची गाडी त्याच स्केलची, इथे तडजोड नको.

मागच्या ओळीत

लेआउटच्या भिंतीलगतच्या ओळीत लहान स्केल मुद्दाम वापरा. एचओच्या मागे टीटी, त्यामागे एन, अशा इमारती लावल्या की दोन फुटांचा टेबल खोल दिसतो. अट एकच: त्यांच्याजवळ माणूस, गाडी, बैल काही ठेवायचं नाही, आणि दोन स्केलच्या मध्ये झाडांची ओळ हवी. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाळक्या काड्यांची झाडं सुरेख होतात आणि फुकट मिळतात. आधी उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर भुंगा लागतो. नागपूर स्टेशनची १९२५ सालची दगडी इमारत टेबलावर पूर्ण मापात मावत नाही. कुणाला ती हवीच असेल तर एनमध्ये फक्त दर्शनी भिंत कापून मागे उभी करतो.

उन्हाळा

थ्री-डी प्रिंटच्या इमारती बहुधा पीएलए प्लास्टिकच्या असतात आणि ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा टिनाखालच्या माळ्यावर ठेवल्या तर भिंती वाकतात. एमडीएफला (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीला) उन्हाचं नाही, पावसाचं भय. कापलेल्या कडांना वॉर्निश लावा.

कापायला देताना

नकाशा किंवा किटचा स्कॅन असेल तर मोठा-लहान करायचं प्रमाण असं: एनचं एचओ करायला १८४ टक्के, ओचं एचओ ५५, ओओचं एचओ ८७, आणि आर्किटेक्टच्या १:१०० नकाशाचं एचओ करायला ११५. पण नुसता टक्का बदलून फाइल पाठवू नका. भिंत १८४ टक्के झाली की तिच्यातली खाचही तेवढीच रुंदावते, आणि आमची शीट मात्र दोन मि.मी.चीच राहते, जोड खुळखुळतो. खाचा शीटच्या जाडीप्रमाणे नव्यानं काढाव्या लागतात. ते आम्ही करून देतो, त्याचे पैसे वेगळे पडतात.

फोटो पाठवणार असाल तर भिंतीसमोर सरळ उभे राहून काढा आणि दाराला टेकवून एक मोजलेली काठी उभी करा. ती काठी फोटोत असली की उरलेली मापं आम्ही काढतो. सोबत तुमच्या एका डब्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा, म्हणजे स्केल आम्हालाही पडताळता येतं. एखाद्या कंपनीचं अख्खं किट जसंच्या तसं उतरवून मागाल तर ते काम आम्ही घेत नाही. दारं, खिडक्या, छपरं, फलाट आणि पाट्या सुट्या करून देतो. तयार भाग एसटीच्या पार्सलनं किंवा कुरियरनं येतात. चिकटवण्याआधी सगळे नुसते जुळवून पाहा, कमी-जास्त असेल तर तेव्हाच कळवा.