दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये स्टिरिओ कसा लावावा

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरी पोचली की बहुतेक ठिकाणी स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या शोकेसमध्ये जातात. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असतोच. मग तक्रार ठरलेली: डग्गा घुमतो, गाणाऱ्याचा आवाज दबतो, तानपुरा तर ऐकूच येत नाही. अशा वेळी यंत्र बदलण्याआधी स्पीकर आणि सोफा हलवा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि महागड्या वायरीने जेवढा फरक पडत नाही तेवढा एका दुपारी पडतो.

खालची मापं १० फूट रुंद, १५ फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच हॉलची, दोन लहान स्पीकरांसाठी आहेत. तुमचा हॉल वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. मोजायला टेप घ्या. अंदाजाने पावलं मोजू नका.

आधी सोफा, मग स्पीकर

बंद खोलीत काही ठरावीक स्वर भिंती-भिंतींमध्ये अडकून फुगतात. १५ फुटांच्या लांबीत ते साधारण ३८, ७५ आणि ११३ हर्ट्झवर येतात. लहान स्पीकर ३८पर्यंत उतरत नाहीत, त्यामुळे तो त्रास कमी. ७५ मात्र नेमका डग्ग्याच्या आणि बेस गिटारच्या वाटेत येतो. हे फुगलेले स्वर भिंतीपाशी सर्वांत जोरात ऐकू येतात. भिंतीला टेकून बसणारा माणूस सगळी घुमघूम स्वतःच्या डोक्यावर घेतो. हॉलच्या बरोबर मध्यावर, म्हणजे साडेसात फुटांवर बसलात तर ७५ पुन्हा चढतो.

म्हणून डोकं मागच्या भिंतीपासून सुमारे ५ फूट पुढे यावं. एवढी जागा मोकळी सोडणं रोज शक्य नसतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. ऐकायला एक हलकी खुर्ची ठेवा आणि ऐकून झालं की मागे सरकवा. सोफा एक-दीड फूट ओढला तरी डोक्यामागच्या भिंतीवरून येणारा आवाज जरा निवळतो.

आता स्पीकर. १० फुटांच्या भिंतीपुढे ते उभे करा, म्हणजे आवाज हॉलच्या लांबीत जाईल. दोघांच्या मध्यबिंदूंत ७ फूट, प्रत्येकी बाजूच्या भिंतीपर्यंत दीड फूट, आणि पुढचा चेहरा स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून अडीच फूट. मागचं आणि बाजूचं अंतर सारखं ठेवू नका. सारखं असलं की भिंतीवरून परतणारा आवाज दोन्हीकडून एकाच पट्ट्यात मूळ आवाजाला कापतो आणि तिथे खड्डा पडतो. कोपऱ्यात तर स्पीकर कधीच ठोसू नका. जमीन आणि दोन भिंती मिळून खर्ज एवढा वाढवतात की बाकी काही ऐकूच येत नाही.

या मांडणीत खुर्चीपासून प्रत्येक स्पीकर सव्वाआठ फुटांच्या आसपास येतो. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण दोन्ही अंतरं एकमेकांशी अर्ध्या इंचाच्या आत जुळायला हवीत. खुर्चीवर डोक्याच्या जागी दोरीचं एक टोक धरून दुसरं टोक आळीपाळीने दोन्ही स्पीकरांना लावा. टेपपेक्षा हे सोपं पडतं.

उंची

ट्वीटर, म्हणजे वरचा लहान स्पीकर, कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर असतो. बैठकीवर मांडी घालून ऐकणाऱ्यांनी स्टँड त्या मानाने बुटका घ्यावा. तिथे कान २७ ते ३० इंचांवर येतो. आधी उंच स्टँड घेऊन मग गादी अंथरली तर झांजेची आणि तबल्याच्या चाटीची धार डोक्यावरून निघून जाते. स्टँड बदलणं शक्य नसेल तर स्पीकरच्या मागच्या कडेखाली रबराचे तुकडे घालून तो किंचित पुढे झुकवा.

पोकळ लोखंडी स्टँड टिचकी मारल्यावर वाजत असेल तर त्यात वाळू भरा. वाळू चाळून, उन्हात पुरती वाळवून घ्या. ओलसर वाळूने स्टँड आतून गंजतो.

वायर

इलेक्ट्रिकल दुकानात मिळणारी दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची), बारीक तारांची लवचीक तांब्याची वायर पुरते. ५ मीटर लांबीला येता-जाता मिळून तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ०.१२५ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ आहे. १० मीटरच्या वर किंवा ४ ओहमचे स्पीकर असतील तर अडीचची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर टाळा. टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरं दिसलं तर परत करा. तिचा रोध जास्त असतो आणि वाकवून-वाकवून ती तुटते.

टोक १० ते १२ मिलिमीटरच सोला आणि तारा घट्ट पिळून घ्या. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो, नाहीतर जळतो. जोडणी करताना प्लग भिंतीतून काढलेला असू द्या.

लाल ते लाल, काळा ते काळा. दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असल्या की इथेच घोळ होतो. एका स्पीकरची जोडणी उलट झाली तर खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा समोर उभा न राहता खोलीभर पसरतो. शंका असेल तर वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा आणि तिथल्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर, म्हणजे खालचे मोठे स्पीकर, एकाच दिशेला हलले पाहिजेत. सेल टेकवून धरून ठेवू नका.

एका अ‍ॅम्प्लिफायरवर दोन जोड्या लावायच्या असतील तर मागचं लेबल वाचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, आणि सगळ्यांना तेवढं झेपत नाही.

वॅटचं काय?

खोक्यावरचा पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला, आकडा विसरा. आरएमएस, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं ते वॅट, पाहा, आणि स्पीकरची संवेदनशीलता पाहा. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर, १ मीटरवर तेवढा वाजतो. या हॉलमधल्या खुर्चीवर दोन स्पीकर मिळून १ वॅटमध्ये ८० डेसिबलच्या वर जातात. घरात ते भरपूर झालं. जास्तीचे वॅट थाप पडते त्या क्षणासाठी लागतात, आणि ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट करावे लागतात. ४०-५० वॅटचा प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. ट्वीटर बहुधा जळतात ते लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळल्याने. आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्या.

फरशी, काच आणि गोणपाट

गुळगुळीत टाइल्स आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. "टर्रर्र" असा शेपटीचा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा घोंगडी टाका. मग खुर्चीवर बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्वीटर दिसेल तिथे पुस्तकांचं उघडं कपाट किंवा जाड, चुण्यांचा पडदा लावा. पातळ पडदा फक्त वरचे स्वर खातो. त्याने खोली कोंदट वाटते आणि घुमणं तसंच राहतं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचाही खर्जावर काही परिणाम होत नाही. घरात पाहुणे विचारतील एवढंच.

घूं, खर्र आणि टर्र

- अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही जोडल्यावर सतत "घूं" येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. आवाज थांबला तर अर्थिंगचं वर्तुळ तिथून पूर्ण होतंय. टीव्ही ऑप्टिकल वायरने जोडा, तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. प्लगची अर्थची पिन कापणं हा उपाय नव्हे. त्याने माणूस दगावू शकतो.
- पंख्याचा वेग कमी केल्यावरच टर्र येत असेल तर दोष इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या.
- आवाजाचं बटण फिरवताना खर्र येते ती धूळ आणि दमट हवेमुळे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास. यंत्र बंद करून बटण वीस-पंचवीस वेळा दोन्हीकडे फिरवा. नाहीच गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर.
- जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होत असेल तर तो वाजवू नका. कडा बदलून मिळते, बहुतेकदा स्पीकर वाचतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वर किमान ४ इंच जागा मोकळी ठेवा. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी नको. गरम जागा शोधत पाली मागच्या फटीतून आत शिरतात, त्यासाठी भिंतीशी अंतर राखा आणि मागचं अधूनमधून झाडा. जाळीच झाकून टाकू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं यंत्र थेट आपल्या २३० व्होल्टला लावू नका, मागे १२० लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेलच. रेकॉर्ड प्लेअर असेल तर तोही पुरत नाही: काहींची मोटर विजेच्या ६० हर्ट्झवर चालते, आपल्याकडे ५० आहेत, आणि ३३⅓ची तबकडी २८च्याही खाली फिरते. गायिकेचा गायक होतो.

शेवटी कान

जुनं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेलं) नाट्यगीत किंवा आकाशवाणीवरच्या बातम्या लावा. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, एका जागेवरून आला पाहिजे. एका बाजूला ओढला जात असेल तर अंतरं पुन्हा मोजा. मधोमध आहे पण पसरट वाटतो, तर दोन्ही स्पीकर थोडे आत वळवा, एका वेळी दोन बोटं. तानपुऱ्याची जवारी टोचायला लागली तर वळण कमी करा. मग खयालाचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण लावा. डग्ग्याची प्रत्येक घुमक वेगळी संपते का ते ऐका. संपत नसेल तर आधी खुर्ची वीतभर पुढेमागे करा, मग स्पीकर भिंतीपासून आणखी तीन-चार इंच पुढे घ्या. एका वेळी एकच गोष्ट हलवा. जागा पटली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, कारण झाडू-पोछा रोज होणार आहे.