शिखराचं वेळापत्रक मूत्रपिंडं ठरवतात

लडाखमधलं कांग यात्से-२ हे शिखर ६,२५० मीटर उंच आहे, आणि तरीही ते ‘नॉन-टेक्निकल’ गटात मोडतं. कडे चढायचे नाहीत, दोरावर लोंबकळायचं नाही. बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दाते) बांधायचे, हातात आइस अ‍ॅक्स घ्यायची आणि गाइडच्या पावलावर पाऊल टाकत बर्फाचा एक लांबलचक चढ रात्रभर चढायचा. पूर्वी अशा पहिल्यावहिल्या मोहिमेसाठी सगळे स्टोक कांगरीवर (६,१५३ मीटर) जात. गर्दीमुळे तिथल्या हिमनदीवर आणि खालच्या गावाच्या पाण्यावर ताण आला, म्हणून २०२० मध्ये ती वाट बंद झाली आणि मोर्चा कांग यात्सेकडे वळला. गोव्यातूनही हौशी मंडळी जातात. फोंडा-डिचोलीकडच्या ट्रेकर मंडळींत चर्चा चालते ती पायांची, बुटांची आणि पैशांची. मूत्रपिंडांचं नाव कुणी काढत नाही. मोहीम पार पडणार की नाही, हे बरंचसं त्यांच्या हातात असतं.

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण सर्रास म्हणतो. हवेतलं त्याचं प्रमाण काही बदलत नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर २१ टक्के, तर कांग यात्सेच्या माथ्यावरही २१ टक्केच. बदलतो तो हवेचा दाब. किनाऱ्यावर तो ७६० मिलिमीटर पारा असतो, लेहला पाचशेच्या आसपास, आणि या माथ्यावर साधारण ३५५, म्हणजे निम्म्याहूनही कमी. म्हापशाच्या बाजारात घेतलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट लेहच्या हॉटेलात बॅगेतून काढलं की टम्म फुगलेलं निघतं. आतली हवा गोव्याची, बाहेरची लडाखची.

आता एक हिशेब करू. शाळेतल्या वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही, पण मोहिमेच्या कार्यक्रमात इतके दिवस नुसते बसण्यात का जातात, ते त्यातून कळतं.

आत घेतलेली हवा नाका-घशातून जाताना शरीर तिला ओलसर करतं. ३७ अंशांना त्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, आणि उंचीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. शरीराचं तापमान तेच, म्हणून वाफही तेवढीच. ७६० मधून ४७ गेले तर जाणवत नाही, ३५५ मधून गेले की चांगलंच जाणवतं. उरलेल्याचे २१ टक्के काढले तर ऑक्सिजनचा दाब गोव्यात साधारण १५० भरतो आणि माथ्यावर जेमतेम ६५.

ही हवा पुढे फुप्फुसांच्या वायुकोशांत पोचते. तिथं रक्तातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आधीच जागा अडवून बसलेला असतो. त्याचा नेहमीचा दाब ४०, आणि त्यापोटी ऑक्सिजनच्या खात्यातून सुमारे ५० वजा होतात (शरीर जेवढा ऑक्सिजन घेतं त्यापेक्षा थोडा कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, म्हणून हा फरक). गोव्यात १५० वजा ५०, उरले १००. माथ्यावर ६५ वजा ५०, उरले १५. पंधरावर माणूस शुद्धीवर राहत नाही.

तेव्हा कार्बन डायऑक्साइड हाकलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तो हाकलायचा मार्ग एकच: जास्त श्वास. ४० वरून तो २२ वर आणला तर ६५ मधून २७-२८ जातात आणि ३७-३८ शिल्लक राहतात. तेवढ्यावर सरावलेला माणूस चालू शकतो. १९८१ साली अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतले डॉ. ख्रिस पिझो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब मोजला. तो २५३ मिलिमीटर भरला. स्वतःच्या फुप्फुसांतल्या हवेचे नमुनेही त्यांनी तिथंच घेतले. त्यांत कार्बन डायऑक्साइडचा दाब साडेसातच्या आसपास होता! इतका अफाट श्वास घेता आला म्हणूनच तिथं माणूस तग धरू शकतो.

मग पहिल्याच दिवशी भराभर श्वास घेऊन मोकळं का होता येत नाही? मानेतल्या धमनीपाशी एक इवलीशी गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन घटला की ती श्वास वाढवायचा हुकूम सोडते. पण कार्बन डायऑक्साइड रक्तात आम्लाचं काम करतो. तो बाहेर गेला की रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मेंदूतल्या श्वासकेंद्राचं लक्ष ऑक्सिजनपेक्षा या आम्लतेवर जास्त असतं. आम्ल घटलं, तर श्वास पुरे झाला, असा त्याचा निष्कर्ष. एकाच गाडीत एकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसऱ्याचा ब्रेकवर, अशी ही अवस्था.

हा ब्रेक सोडवतात मूत्रपिंडं. रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे जास्तीचा अल्क, ती लघवीवाटे टाकून देतात, रक्त पुन्हा जागेवर येतं आणि श्वास आणखी वाढायला मोकळीक मिळते. काम काही तासांत सुरू होतं, पण पुरं व्हायला दिवस लागतात, आणि आणखी वर झोपायला गेलात की पुढचा हप्ता नव्यानं सुरू. ते जिममध्ये जाऊन वेगानं होत नाही, जिद्दीनं तर नाहीच. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास इतरांइतकाच होऊ शकतो. उलट त्याचे पाय भराभर उचलतात, म्हणून तो मूत्रपिंडांच्या पुढे धावतो आणि अडचणीत येतो. पहिल्या दिवसांत लघवी जास्त होऊ लागली तर वैतागू नका. गाइडला ती बातमी आवडते.

रात्री तंबूत हाच झगडा ऐकू येतो. शेजारच्या स्लीपिंग बॅगेतला श्वास वाढत वाढत मोठा होतो, मग लहान होत जातो आणि थांबतो. चक्क थांबतो. तुम्ही टॉर्च शोधेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, मग एकदम मोठा उसासा येतो आणि चक्र पुन्हा चालू. झोपेत श्वासाचं नियंत्रण त्या दोन पायांवर सोपवलेलं असतं: जोरात श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड घटला की ब्रेक लागतो, श्वास थांबून ऑक्सिजन घसरला की अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. नवख्या माणसाची यानं गाळण उडते, पण त्या उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि एवढ्यानं धोका नसतो.

डायमॉक्स ही गोळी नेमकी इथंच काम करते. अ‍ॅसिटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव. ती मूत्रपिंडांना बायकार्बोनेट सोडून द्यायला लावते, म्हणजे जे काम दोन-तीन दिवसांत व्हायचं ते लवकर होतं. ‘लक्षणं झाकते’ म्हणून तिच्याकडे संशयानं पाहणारे बरेच भेटतात. ते खरं नाही, ती विरळ हवेचा सरावच लवकर घडवते. बोटांना मुंग्या येतात, सोडा आणि बिअर बेचव लागतात, हे तिचे ठरलेले दुष्परिणाम. (मोहिमेवर बिअर प्यायचीच नसते, तेव्हा दुसऱ्याची तक्रार नको.) सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि पहिली गोळी घरी असतानाच घेऊन पाहावी.

‘वर गेलं की रक्त वाढतं’ हे आणखी एक लाडकं स्पष्टीकरण. वाढतं, पण मोहीम संपत आल्यावर. एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक काही तासांतच वाढू लागतं, मात्र नव्या तांबड्या पेशी पुरेशा संख्येनं यायला आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा चढलेला दिसतो तो बव्हंशी रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे. आणि फार रक्त हे वरदानही नाही. तिबेटी पठारावर हजारो वर्षं राहिलेल्या लोकांत ईपीएएस-१ या जनुकाचा वेगळा प्रकार आढळतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं बेसुमार चढत नाही. शेर्पांकडेही हाच वारसा आहे.

मग महिनाभर वरच मुक्काम ठोकावा का? तेही जमत नाही. १९६०-६१ मध्ये एडमंड हिलरी आणि शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांच्या मोहिमेनं नेपाळमध्ये ५,८०० मीटरवर ‘सिल्व्हर हट’ नावाची झोपडी उभारून हिवाळा काढला. खाणंपिणं असूनही माणसांचं वजन घटतच राहिलं. म्हणजे खालून हळू यायचं, जुळवून घ्यायचं, माथा गाठायचा आणि उतरायचं. वेळेची ही फट दोन्ही बाजूंनी बंद आहे.

आणि नेमका इथं गोव्याच्या माणसाचा हिशेब चुकतो. रजा मोजकी असते. मोपा किंवा दाबोळीहून दिल्ली, दिल्लीहून पहाटेचं विमान, आणि समुद्रकाठचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेतीन हजार मीटरवर. पर्वतीय वैद्यकाचा नियम सांगतो की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. लेहच्या विमानानं हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, म्हणून तिथं निदान ४८ तास स्वस्थ पडून राहायचं. मनालीहून रस्त्यानं गेलं की आपोआप सराव होतो, हा समजही तपासून घ्यावा. त्या वाटेवर सर्चूचा मुक्काम ४,२९० मीटरवर, लेहच्याही कितीतरी वर. दुसऱ्याच रात्री तिथं झोपणं विमानापेक्षा वाईट.

मार्खा खोऱ्यातून कांग यात्सेकडे जाणारी वाट मला त्यामुळेच आवडते. खोऱ्यातली गावं ओलांडत, ओढ्याकाठानं चढत निमालिंगच्या कुरणांपर्यंत यायला दिवस लागतात, आणि बेस कॅम्प पाच हजारांच्या थोडा वर. तिथून माथा आणखी हजार-अकराशे मीटर. गोव्यातला सर्वांत उंच डोंगर, सत्तरीतला सोसोगड, समुद्रसपाटीपासून जेवढा उंच, जवळपास तेवढी चढण एका रात्रीत.

सरावात घाई झाली तर प्रकरण डोकेदुखीवर थांबतंच असं नाही. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे हजारो जवान एकदम हिमालयात चढवले गेले आणि त्यातून या आजारांचा मोठा अनुभव भारतीय लष्करी डॉक्टरांना मिळाला. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये फुप्फुसांत पाणी होण्याच्या आजारावर आणि १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर लिहिलेले निबंध आजही या विषयात मानाचे आहेत. ऑक्सिजन घटला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथं आकसत नाहीत तिथं रक्ताचा लोंढा वळतो आणि पाणी झिरपतं. बसल्या जागी धाप लागणं, खोकला आणि कालच्यापेक्षा आज चाल एकदम मंदावणं, ही त्याची खूण. मेंदूला सूज आली तर तोल जातो. गाइड अशा वेळी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालून दाखवायला सांगतो. जो ते करू शकत नाही त्याला खाली न्यायचं, त्याच वेळी, रात्र असली तरी. ऑक्सिजनचा सिलिंडर, मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, दाबाची फुगवायची पिशवी, हे सगळं खाली उतरेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी. मोहिमेच्या फीमध्ये तुम्ही खरे पैसे भरता ते गाइडच्या नजरेचे, आणि त्याच्यापासून डोकेदुखी लपवणारे लोक मला कधीच समजलेले नाहीत.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं वेड मात्र थोडं कमी करावं. लेहला नव्वदच्या आसपास, बेस कॅम्पला ऐंशीच्या घरात आकडे सर्वसाधारण असतात, थंड बोटावर ते आणखी भरकटतात. मित्राचा ८६ आणि माझा ८१ यावरून कोण माथ्यावर जाणार हे ठरत नाही. जेवण जातंय का, झोप लागतेय का, चाल कशी आहे, हे जास्त सांगतात.

जेवणावरून आठवलं. पाच हजार मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं. आपल्या उकड्या तांदळाची पेज उघड्या टोपात ठेवली तर कितीतरी वेळ रटरटत राहील आणि शीत शिजता शिजणार नाही. कुकरमध्ये बाहेरच्या दाबावर आणखी जवळजवळ एक वातावरण (किनाऱ्यावरच्या हवेएवढा) दाब चढतो, त्यामुळे तिथंही पाणी ११० अंशांपर्यंत जातं. वरचा स्वयंपाकी कुकर जिवापाड का जपतो, ते यावरून समजावं.

माथ्याकडे मध्यरात्री निघायचं कारण साधं आहे: रात्री बर्फ गोठून टणक असतं, क्रॅम्पॉन धरतात, ऊन चढलं की पाय मांडीपर्यंत रुततो. ताजं बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतं, म्हणून पहाट होताच गॉगल डोळ्यांवर. आणि दमसास? १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता साधारण एक टक्क्यानं घटते. माथ्यापाशी ती निम्म्यावर येते. गोव्यातल्या तयारीचा उपयोग इथं होतो: मोठी क्षमता निम्मी झाली तरी काही हाती उरतं. पाठीवर ओझं घेऊन चोर्ला घाटातल्या चढणी आणि बोरीच्या सिद्धनाथ डोंगराच्या पायऱ्या, आठवड्यातून तीन-चारदा, हे काम होतं. विरळ हवेचा सराव मात्र त्यातून मिळत नाही.

कंपनीचा कार्यक्रम हातात आला की फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्येक रात्रीची झोपायची उंची एका कागदावर उतरवा. दोन आकड्यांतला फरक ३,००० च्या वर ५०० पेक्षा जास्त दिसला, तर त्यापुढे थांबायचा दिवस आहे का ते पाहा. बेस कॅम्पला हवामानासाठी राखीव दिवस आहे का, मागे फिरायची वेळ किती वाजता आणि ती ठरवतो कोण, गाइडमागे माणसं किती, हेही विचारा. स्वस्त पॅकेज स्वस्त असतं ते बहुधा हेच दोन-तीन दिवस कापून. ते दिवस परत घालायला किती पैसे लागतील असं सरळ विचारलं, तर बऱ्याच कंपन्या घालूनही देतात.